अस्टाने दाखवलेल्या जागा

त्या वर्षी नाताळ तोंडावर आला तरी हिंटरलाइट गावात बर्फ पडला नव्हता. डोंगर तपकिरी, कुरणं वाळक्या गवताची, आणि त्या सगळ्यातून खाली उतरणारा एकच पांढरा पट्टा, वरून कुणी चुन्याची बादली कलंडून दिल्यासारखा. स्की करायला तारेवरच्या पाळण्यात बसून वर जाणारे पाहुणे दोन्ही बाजूंच्या गवताचे फोटो काढायचे आणि हसायचे. गावातलं कुणी हसत नव्हतं.

तो पट्टा पाळण्यांच्या कंपनीत बर्फ बनवणाऱ्या उर्बानने तयार केला होता. वरच्या तळ्यातलं पाणी नळांनी बर्फाच्या तोफांत यायचं आणि तोफांतून फवारा होऊन थंड हवेत उडायचं. जमिनीवर पडायचं ते बर्फ होऊनच. नोव्हेंबरपासून तोफांची घरघर गावाच्या कानात बसली होती. एखाद्या सकाळी त्या थांबल्या, की माणसं भाकरी तोडता तोडता हात थांबवून ऐकत.

अफ्रा ही उर्बानची धाकटी बहीण. उतरणीवर पडलेल्या-मोडलेल्यांना स्लेजवरून खाली आणणं हे तिचं हिवाळ्यातलं काम होतं. पण खरा जीव होता तो अस्टात. अस्टा तिची कुत्री. काळीभोर, छातीवर पांढरा ठिपका. डोंगरबचाव पथकात त्या दोघींसारखी जोडी नव्हती. अस्टाने कोसळलेल्या हिमकड्यांखालून शोधून काढलेली काही माणसं अजूनही नाताळात तिच्यासाठी हाडं पाठवत.

अस्टाची एक रीत होती. खाली जिवंत माणूस असेल तर ती भुंकायची, दोन्ही पंजांनी बर्फ उकरायची, शेपटीने अंग झोडपून घ्यायची. माणूस गेलेला असेल तर आवाज करायची नाही. त्या जागेवर आडवी व्हायची आणि पंजांवर हनुवटी टेकवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण पथकातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पथकाचा नियमही साधाच होता: जिवंत आधी.

सुरुवात झाली ती सरावाच्या सकाळी. पाहुणे अजून न्याहारीच्या टेबलांवर होते. नवशिक्या मुलांना वर ओढून नेणारा सरकता पट्टा जिथे होता, त्या सपाटीच्या कडेला अफ्राने एक जुना स्वेटर पुरला आणि अस्टाला सोडलं. अस्टा स्वेटरला ओलांडून सरळ पुढे गेली. सपाटीच्या मधोमध थांबली, नाक खाली घातलं आणि भुंकायला लागली.

बर्फ सपाट करणारं यंत्र घेऊन उर्बान तिथूनच चालला होता. त्याने काच खाली केली.

"म्हातारी झाली गं तुझी कुत्री."

"तुझ्याहून तरुण आहे."

"उंदीर असेल."

"उंदरासाठी ती शेपूट नाही हलवत."

अफ्राने फावडं घेतलं. बर्फ तिथे गुडघाभरसुद्धा नव्हता. खाली गवत लागलं, पिवळं, दबलेलं. अस्टा त्या गवतावर उभी राहून भुंकत राहिली. तिचे पंजे मातीने माखले. अफ्राने गळपट्टा धरून तिला ओढून काढलं, तेव्हा ती मान वळवून वळवून मागे पाहत होती, खाली राहिलेल्या कुणाला सोडून चालल्यासारखी.

दुसऱ्या सकाळी ती त्याच जागी भुंकली, आणि शिवाय आणखी दोन जागी. त्याच्या पुढच्या सकाळी आणखी काही. अफ्राने प्रत्येक जागी बांबूची काठी रोवली. सगळ्या काठ्या सरकत्या पट्ट्याच्या आसपास, एकमेकींपासून चार-दोन पावलांवर. प्रत्येक ठिकाणी तिने खणून पाहिलं. बर्फ, मग गवत. दुसरं काही नाही.

शेवटची जागा सपाटीच्या कडेला होती, ओढ्याकाठच्या झुडपांपाशी. तिथे अस्टा भुंकली नाही. जागेभोवती एक फेरी मारली, आणि आडवी झाली. पंजांवर हनुवटी.

अफ्राने तिथेही काठी रोवली. मग तिने मान वर केली.

सपाटीच्या डोक्यावरच हाउलाइटे होती, म्हणजे गवताची उतरण. त्यांचा आजा बुटांना लोखंडी खिळे बांधून तिथे गवत कापायचा. नुसत्या पायांनी उभं राहवणार नाही इतका तो चढ. उर्बानने यंदा तोफा तिच्या वरच्या काठावर लावल्या होत्या, कारण तिथे गारठा जास्त. वाऱ्याने निम्मा फवारा उतरणीवर उडवला होता. दुरून ती गुळगुळीत, सुरेख दिसत होती. जत्रेतल्या घोड्याच्या पाठीसारखी.

अफ्रा कडेकडेने वर चढली. अर्ध्यावर पोचण्याआधीच वास आला. ओल्या गवताचा, उन्हाळ्यात पाऊस पडून गेल्यावर येतो तसा. ऐन डिसेंबरात. आणखी वर गेल्यावर भेग दिसली. पांढऱ्या उतरणीत आडवी, खाली वाकलेली, आत तपकिरी. गावात तिला माशाचं तोंड म्हणतात. ते उघडलं, की वरचा सगळा थर गवतावरून खाली सरकायला लागलाय असं समजायचं.

अस्टा भेगेजवळ आली नाही. लांबच बसून राहिली, खालच्या सपाटीकडे तोंड करून.

पाळण्यांच्या कंपनीचा व्यवस्थापक कासियान हा अफ्राच्या वर्गातला. तसं हजार मीटर उंचीच्या वर, डोंगरात, सगळी अरेतुरेचीच माणसं, असं इथे म्हणतात. आपल्या खोलीत त्याने तिला कॉफी दिली, आणि तिचं सांगून होईपर्यंत स्वतःची पिऊन संपवली.

"आजचा इशारा वाचलास?" तो म्हणाला. "हिमकड्याचा धोका: नाही. का नाही? बर्फच नाही म्हणून. सगळ्या प्रांताला दिसतंय, तुलाच नाही?"

"ते आभाळातल्या बर्फाचं सांगतात. आपण केलेला बर्फ त्यांच्या हिशेबात नाही."

"उर्बान, तू सांग बाबा हिला."

उर्बान दारात उभा होता. डोळे तांबारलेले, गालांवर खुंट. "माझा बर्फ काँक्रीट आहे, अफ्रा. त्याच्यावरून ट्रक ने."

"काँक्रीटच आहे. तेच म्हणतेय मी. आजा जिथे घसरायचा त्या गवतावर तू काँक्रीट ठेवलंयस. जमीन यंदा गोठलेलीच नाही. माशाने तोंड उघडलंय."

कासियानने कप खाली ठेवला.

"आणि त्या काठ्या काढ. पाहुणे विचारतात, इथे काय पुरलंय म्हणून."

"ते अस्टाने..."

"अफ्रा. कुत्री गवतावर भुंकते म्हणून मी नाताळात उतरण बंद करू? लोक मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. आणि शेजारचा पलंग तुझा असेल."

तिने काठ्या काढल्या. त्या दुपारी घायाळ कुणी नव्हतं, म्हणून ती सपाटीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिची मुलगी सेफा स्कीशाळेत शिकवायची, पहिलाच हंगाम. पाहुण्यांची सात-आठ वर्षांची मुलं तिच्यामागे बदकांच्या पिल्लांसारखी घसरत होती. मग सेफाने टाळी वाजवली. विश्रांती. मुलं इकडेतिकडे पांगली आणि जिथे होती तिथे बर्फात बसली.

अफ्राच्या हातातला हातमोजा खाली पडला.

लाल टोपीवाला मुलगा पहिल्या काठीच्या जागी बसला होता. दोन वेण्यांची मुलगी दुसरीच्या. कुणी ठरवून बसवल्यासारखी एकेक जण एकेका जागेवर, इंचभरही इकडे नाही की तिकडे. काठ्या नव्हत्या, भोकं यंत्राने बुजवलेली होती. पण त्या जागा अफ्राच्या डोळ्यांत रुतलेल्या होत्या. एकही जागा मोकळी राहिली नाही, एकही मूल जागेबाहेर नव्हतं.

फक्त झुडपांपाशी कुणी नव्हतं. मग सेफा बुटातला बर्फ झटकायला एका पायावर लंगडत झुडपांकडे गेली, आणि अफ्राच्या तोंडून तिचं नाव इतक्या जोरात निघालं की सगळी मुलं वळली.

"काय गं आई?"

"काही नाही. इकडे ये. इकडे ये आधी."

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने सेफाला सगळं सांगितलं. सेफा रश्श्यात पावाचे गोळे कुस्करत ऐकत राहिली. मग उठून तिने आईच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाहीये मला."

"मग मुलांच्या आईबापांना काय सांगू? आमच्या घरची कुत्री भुंकली?"

"सांग. हसू देत. उद्या दांडी मार, पाय मुरगळला म्हण."

"मी नाही गेले तर कासियान दुसरीला पाठवेल. मुलं तीच असतील ना आई?"

टेबलाखाली अस्टाने ताटलीला तोंड लावलं नव्हतं.

सकाळी उजाडल्याबरोबर अफ्रा उर्बानच्या खोलीवर गेली. पंपांच्या शेजारी त्याची कोठडी होती. भिंतीला ओले अंगरखे, खुंटीवर हिमकड्यात सापडलं तर ठावठिकाणा सांगणारं छोटं यंत्र, धूळ बसलेलं.

"मी पाया पडू का तुझ्या?" ती म्हणाली. "एकदा चल. डोळ्यांनी बघ. मग म्हण काँक्रीट आहे."

त्याने भिंतीवरचा अंगरखा ओढला. मग बूट चढवले.

भेग आदल्या दिवशी हात जाईल एवढी होती. आज तिच्यात माणूस उतरला असता. उर्बान कडेला पालथा झोपला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. काढला तेव्हा बाहीतून पाणी निथळत होतं. तो उठून बसला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"वरचा नळ गळतोय. माझा नळ. सगळं पाणी खाली गवतावर जातंय."

"उर्बान, मुलं थोड्याच वेळात सपाटीवर येतील."

"मी वरची चावी बंद करतो. तू मुलांना हलव. कसंही हलव."

"रानातून जा. उतरणीवर पाय टाकू नकोस."

"ह्या डोंगरावर मला तू शिकवणार?" तो म्हणाला. पण हसला नाही, आणि जाताना तिच्या खांद्याला हात लावून गेला. असं तो कधी करत नसे.

अफ्रा खाली पोचली तेव्हा सरकता पट्टा सुरू झाला होता. मुलं ओळीने वर चालली होती. तिने लाल बटण दाबलं. पट्टा हिसका देऊन थांबला. मुलं एकमेकांवर पडली, दोघं-तिघं रडायला लागली. तिने किल्ली उपसली आणि ओढ्यात भिरकावली.

"आई!" सेफा धावत आली.

"ह्यांना हॉटेलात ने. सगळ्यांना. आत्ता."

कासियान आपल्या खोलीतून अंगरख्याशिवायच बाहेर आला. "अफ्रा, तुला कामावरून काढलं! ऐकलंस? ह्या क्षणी!"

"काढ. ओरड माझ्यावर, मार मला. पण मुलांना आत जाऊ दे."

ती ढसाढसा रडत होती आणि तिला ते कळत नव्हतं. सेफाने एकदा आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग मुलांकडे वळून म्हणाली, "चला, कोको! जो पहिला पोचेल त्याला दोन कप!"

मुलं निघाली. त्यांच्या मागोमाग अफ्रा कासियानला ओढत सपाटीबाहेर आली. हॉटेलच्या दारात सेफाने एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं आणि लांबूनच हात वर केला. सगळी आत.

तेव्हा आवाज झाला.

गडगडाट नव्हता तो. भरलेली गोणी फरशीवरून ओढावी तसा, जड, सावकाश आवाज. हाउलाइटेची सगळी पाठ एकसंध खाली येत होती. मग ती फुटली, आणि तिच्या फुटलेल्या ठोकळ्यांमधून, वरच्या काठाजवळ, काहीतरी नारिंगी दिसलं आणि दिसेनासं झालं.

उर्बानचा अंगरखा नारिंगी होता.

बर्फ सपाटीवर आला, सरकता पट्टा काडीसारखा मोडून ओढ्यापाशी थांबला. मग सगळीकडे ओल्या गवताचा वास.

फावडी घेऊन माणसं धावली. स्वयंपाकी, शिक्षक, पाळण्यावरची माणसं, पांढराफटक पडलेला कासियान. बचाव पथकाचा प्रमुख आल्बुइन शेजारच्याच घरातून चपलांवर आला. अफ्राने अस्टाला सोडलं.

अस्टा सपाटीच्या मधोमध गेली आणि भुंकायला लागली. शेपूट अंगावर आपटत होती.

"इथे!" आल्बुइन ओरडला. "जिवंत आहे! खणा!"

अस्टा तिथून निघाली, दोन पावलांवर पुन्हा भुंकली. मग पुढे. पुन्हा. तिच्या भुंकण्याला कधी नव्हे इतकी घाई होती.

"किती जण आहेत खाली?" आल्बुइनने विचारलं.

"कुणी नाही. एकटा उर्बान."

"मुलं?"

"सगळी आत आहेत. सेफा! पुन्हा मोज!"

सेफाने खिडकीतून नावं घेत मोजलं. प्रत्येक नावाला उत्तर आलं. सगळी होती.

अस्टा भुंकतच होती. मग धावत झुडपांपाशी गेली. तिथला बर्फ माणसाहून उंच साचला होता. त्यावर चढून ती गप्प झाली. आडवी झाली. पंजांवर हनुवटी.

अफ्रा गुडघ्यांवर पडली आणि हातांनी उकरायला लागली. नखं उलटली. "इथे खणा. इथे. आल्बुइन, सगळ्यांना इकडे आण."

आल्बुइन जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "अफ्रा, ती आडवी झालीय. तुला माहीत आहे. तिकडे ती भुंकत होती. जिवंत आधी. तूच शिकवतेस हे पोरांना."

"तिथे कुणी नाहीये!"

"मग अस्टा खोटं बोलतेय?"

अफ्राने वर पाहिलं. लांब, सपाटीवर, स्वयंपाकी भराभर खणत होते. अस्टा आता पुन्हा त्यांच्याकडे धावत गेली होती. एका जागेवरून दुसरीवर. भुंकत.

"माझा भाऊ आहे इथे," अफ्रा म्हणाली. "तिथे कुणी नाही. मुलं मोजली. दोनदा मोजली. आल्बुइन, मी तुझ्या पाया पडते."

आल्बुइनने एकदा सपाटीकडे पाहिलं. मग हात उंचावून सगळी फावडी झुडपांकडे बोलावली.

बर्फ काँक्रीट होता. फावड्यांची पाती वाकली. मग नारिंगी बाही लागली, मग खांदा, मग तोंड. ओठ निळे. तोंडासमोर बर्फात एक काचेसारखी वाटी तयार झालेली. श्वासाच्या उबेने बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठतो, त्याची ती वाटी असते.

"श्वास घेत होता," आल्बुइन म्हणाला. "घेतोय. घेतोय!"

उर्बान खोकला.

आजवर अस्टा आडवी झाली आणि खालचा माणूस श्वास घेत निघाला, असं कधी घडलं नव्हतं. हेलिकॉप्टर येऊन त्याला घेऊन गेलं. माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कासियान बर्फातच बसून रडला. कुणीतरी दारूची बाटली फिरवली.

सपाटीवर अस्टा भुंकत होती.

सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही. मग एकेक जण गप्प झाला. तिचा आवाज बसला होता.

"बघू या," आल्बुइन म्हणाला. "तिचं समाधान होईल."

अफ्राने फावडं उचललं. पहिल्या जागी स्वयंपाक्यांनी कमरेएवढा खड्डा अर्धवट सोडला होता. तिथून फक्त हातभर खाली जायचं बाकी राहिलं होतं.

हातभर खाली फावडं पोकळ जागेत गेलं.

अफ्राने कडा हातांनी मोकळी केली. बर्फात एक वाटी होती. काचेसारखी, गुळगुळीत. उर्बानच्या तोंडासमोर होती तशीच, पण लहान. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडाएवढी. तिच्या पुढे, जिथे तोंड असायला हवं, तिथे अखंड बर्फ.

आल्बुइनने फावडं खाली ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

अफ्राने उघडी बोटं आत घातली. वाटी अजून ओली होती, आत्ताच कुणी श्वास सोडल्यासारखी.

"पुढची," ती म्हणाली. "आल्बुइन, पुढची, लवकर!"

दोघं धावली. वेण्यांवाली मुलगी बसली होती त्या जागी अस्टा उकरत होती, भुंकत होती. त्यांनी फावडी मारली. पहिल्याच घावाला अस्टा गप्प झाली. तिने कान टवकारले, बर्फाला नाक लावलं, थोडा वेळ तशीच राहिली, आणि हळूच आडवी झाली.

हॉटेलच्या खिडकीत मुलं कोको पीत उभी होती. सेफाने पुन्हा एकदा मोजून हात वर केला. सगळी होती.

अस्टा उठली. पुढच्या जागेवर गेली. तिथे ती भुंकलीच नाही.